चातुर्मासाच्या आधीची शिवण

परवीन कुणाच्याही घरी गेली की वजनकाट्यावर आधी स्वतः उभी राहते. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला काटा काढायचा, फरशी कुठे सपाट आहे ते पायाने चाचपून बघायचं, काटा तिथे ठेवायचा आणि वर चढून आपला आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगायचा. "चौसष्ट. मागच्या आठवड्यात त्रेसष्ट होतं. घ्या." मग ती खाली उतरते आणि घरातल्या बाईला म्हणते, "या, आता तुम्ही." चारचौघांत आपलं वजन बोललेलं बायकांना आवडत नाही, हे तिला फार लवकर कळलं होतं. त्यावर तिने हा उपाय काढला. तिचं बघून माझ्यासारखी बाईसुद्धा गपगुमान काट्यावर चढते.

माझ्यासारखी म्हणजे कशी, ते सांगायला हवं. मी वासंती. नारायण पेठेतल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाले. माझा स्वभाव तिखट आहे, हे मी कबुली म्हणून नाही, माहिती म्हणून सांगते. निवृत्तीनंतर यजमानांना, म्हणजे श्रीनिवासना, मोकळ्या हवेत राहायची हौस आली आणि आम्ही मांजरीला फ्लॅट घेतला. आमच्या एका खिडकीतून ऊस दिसतो आणि दुसरीतून नव्या इमारतींच्या क्रेन. दर वर्षी ऊस थोडा मागे सरकतो. हवा मोकळी आहे, पण तीत सिमेंट आहे, असं मी त्यांना सांगते. ते पेपर वर धरतात.

आमच्या भागात एक आरोग्य पाहणी चालते. शहराच्या चार-पाच भागांतली हजारो घरं त्यांनी धरली आहेत. गणपती उठले की सोसायटीच्या हॉलमध्ये टेबलं लागतात. वजन, रक्तदाब, रक्तातली साखर, जुनी दुखणी, नवी औषधं, असं सगळं दर वर्षी लिहून घेतात. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. फुकट तपासणी होते, शेजारणी भेटतात आणि चहा बरा असतो.

तीन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात त्या तपासणीत माझी साखर वाढलेली निघाली. त्याच्या आदल्या वर्षी ती अगदी व्यवस्थित होती. वजन मात्र सात-आठ किलोंनी उतरलं होतं. साखरेचं वाईट वाटलं, वजनाचा आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर आनंद जास्त होता. ज्या शरीराला मी पन्नाशीपासून विनवत होते, ते एकदाचं ऐकायला लागलं होतं. सोसायटीतल्या बायका मला लिफ्टमध्ये गाठून विचारायच्या, "वासंतीताई, काय करता हो तुम्ही?" मी म्हणायची, "नेम."

आमच्या घरी चातुर्मासात काही ना काही सोडायची रीत आहे. माझी आई वांगं सोडायची, आणि तिला वांगं आवडतच नसे. मला असली पळवाट मंजूर नाही. मी जे आवडतं तेच सोडते. एका वर्षी चहा सोडला होता, तेव्हा यजमानांनी देवाला साकडं घातलं की हिला पुन्हा असली बुद्धी देऊ नकोस. तपासणीत साखर निघाली त्या वर्षी आषाढी एकादशीपासून मी भात आणि साखर सोडली होती. तेव्हा वजन का उतरलं, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. उत्तर आधीच हजर होतं.

तपासणीनंतर थोड्याच दिवसांनी दुपारी फोन आला.

"नमस्कार, वासंतीताई बोलताय का? मी आरोग्य पाहणीतून परवीन बोलतेय."

"मी ओटीपी सांगणार नाही," मी म्हणाले.

"नको सांगू," असं चुकून तिच्या तोंडून निघालं आणि तिने लगेच सावरलं, "म्हणजे, नका सांगू. मला फक्त एकच विचारायचंय. वर्षभरात तुमचं वजन बरंच उतरलंय. ते तुम्ही ठरवून उतरवलं का?"

"अर्थात. मी नेम धरलाय. भात आणि साखर बंद आहे."

"म्हणजे मुद्दाम कमी केलंय."

"आपोआप वजन कमी होत असतं, तर या गावातले जिम बंद पडले असते," मी म्हणाले आणि फोन ठेवला. माझी दुपारची झोप मोडली होती.

पलीकडे काय झालं ते मला पुढे कळलं. त्या पाहणीतले आकडे एका कॉम्प्युटरमध्ये जातात. तो प्रत्येक माणसाचे या वर्षीचे आकडे त्याच माणसाच्या मागच्या वर्षांच्या आकड्यांशी ताडून बघतो. साठीच्या आसपास घरात कुणाला मधुमेह नसताना साखर एकदम वाढली आणि त्याच वेळी वजन घटलं, तर तो त्या नावापुढे खूण करतो. स्वादुपिंडाचा कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, दिसत नाही. तो कळतो तेव्हा बहुतेक वेळा हाताबाहेर गेलेला असतो. पण त्याच्या आधी काही महिने साखर आणि वजन अशी चाल करतात. माझ्या नावापुढे खूण झाली होती. मी फोनवर "नेम" म्हणाले, परवीनने "मुद्दाम कमी केलं" असं भरलं, आणि माझं नाव पुढच्या तपासणीच्या यादीतून खाली गेलं. आता पुढच्या भाद्रपदात बघू, असं ठरलं. कॉम्प्युटरची चूक नव्हती. त्याला चातुर्मास कुणी शिकवला नव्हता, आणि मी जे सांगितलं ते त्याने मानलं.

परवीनने मानलं नाही. दुसऱ्या दिवशी ती स्कूटरवरून दारात हजर. ठेंगणी, गव्हाळ, पस्तिशीतली बाई. डोक्यावरून ओढणी, खांद्याला ती भलीमोठी पिशवी.

"काकू, कालच्या फोनवाली मी. पाच मिनिटं बसू का?"

"फोनवर सगळं सांगितलंय."

"हो. म्हणूनच आले. मला ते पटलं नाही."

पुण्यात माझ्या तोंडावर असं म्हणणारी माणसं फार उरलेली नाहीत. मी तिला आत घेतलं. तिने काटा काढला, स्वतः उभी राहिली, आकडा सांगितला, मला उभं केलं. आठवड्याभरात माझं आणखी थोडं कमी झालं होतं. मी खूश होऊन यजमानांकडे पाहिलं. परवीन खूश दिसली नाही.

"काकू, राग येऊ देऊ नका," ती म्हणाली. "मी दर साली पूर्ण महिना रोजे धरते. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. आणि ईदला काट्यावर उभी राहिले की दोन किलो वाढलेले असतात. संध्याकाळी जे सुरू होतं ते तुम्हाला काय सांगू. आणि तुमच्याकडेही साबुदाण्याची खिचडी खाऊन कुणी वाळल्याचं मी अजून बघितलं नाही. सात-आठ किलो म्हणजे खूप झाले."

"मी साबुदाणा खात नाहीये. भात सोडलाय."

"पोळी?"

"ती वाढवलीय," यजमान पेपरामागून म्हणाले.

परवीन हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि नंतर कळलं की माझ्याकडे नाही, माझ्या ब्लाउजकडे बघत होती. "आठ किलो उतरले आणि ब्लाउज अंगाला नीट बसलाय," ती म्हणाली. "नवा शिवलात?"

"नवा कशाला? टीप मारून घेतली."

"कधी?"

"सलोनीच्या लग्नाच्या वेळी. माझी भाची. सगळे ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले होते, म्हणून एकदम सहाच्या सहा टेलरकडे दिले. तो म्हणाला, काकू, काय बारीक झालात." हे सांगताना मी तेव्हाही सुखावले होते.

"लग्न कधी होतं?"

"वैशाखात."

परवीन अगदी हळू म्हणाली, "वैशाखात नेम कुठे होता, काकू?"

मी पस्तीस वर्षं मुलींना ऋतुचक्र शिकवलं. वैशाख आधी आणि आषाढ नंतर, हे मला फळ्यावर लिहून दाखवायची गरज नव्हती. पण तेवढ्या क्षणी मला ते कुणीतरी पहिल्यांदा सांगावं तसं झालं. यजमानांनी पेपर खाली ठेवला. आमच्या घरात ही साधी घटना नाही.

मग परवीनने कॉम्प्युटरने केलेल्या खुणेचं सांगितलं आणि पोटाचा स्कॅन करून घ्या म्हणाली. मला भीती वाटली. भीती वाटली की मी भांडते, तशी भांडले. म्हणाले, तुमचा तो कॉम्प्युटर दर वर्षी किती जणांची अशी झोप उडवतो? त्यातल्या किती जणांना खरंच काही निघतं?

"बहुतेकांना काहीच निघत नाही," परवीन म्हणाली. तिने ते लपवलं नाही आणि गोडही केलं नाही. "मग ते मला शिव्या घालतात. एका काकांनी तर सोसायटीच्या गेटवर माझं नाव लिहून ठेवलंय की हिला आत सोडू नका. तुम्हालाही काही निघालं नाही तर तुम्हीही घाला. मी येईन ऐकायला."

"दिवाळी होऊ दे. नेम सुटू दे. मग बघू."

"दिवाळीच्या आधी," ती म्हणाली. "काकू, मी घाबरवायला नाही आले. पण दिवाळीच्या आधी."

मी नाही म्हणणार होते. माझ्या तोंडात शब्द तयार होता. तेवढ्यात यजमान म्हणाले, "वासंती, जाऊ या आपण." चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला इतक्या साधेपणाने काही मागितलेलं मला आठवत नाही. मी गेले.

स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या शेपटाकडे एक छोटी गाठ निघाली. पाहणीच्या डॉक्टर निकिता यांनी ती पडद्यावर दाखवली. मी चष्मा लावून नीट पाहिली. करड्या रंगात थोडा जास्त करडा ठिपका. मला तो दिसलाच नसता. त्या म्हणाल्या, "आत्ता ही एकाच जागी आहे. शस्त्रक्रिया करता येईल. अशा वेळी आम्हाला फार थोडे पेशंट सापडतात."

"आणि पुढच्या भाद्रपदात आले असते तर?"

"तर कदाचित आपण शस्त्रक्रियेबद्दल बोलत नसतो," डॉक्टर म्हणाल्या.

नवरात्रात माझं ऑपरेशन झालं. स्वादुपिंडाचा तो भाग गेला, प्लीहाही गेली. पुढे महिनोन्‌महिने केमो चालली. त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी भोगलंय त्यांना ते नको असतं आणि बाकीच्यांना कळत नाही. इन्सुलिन आता कायमचं मागे लागलंय. डॉक्टर अजूनही "बरी झालात" म्हणत नाहीत, "सगळं स्वच्छ आहे" म्हणतात आणि पुढच्या तपासणीची तारीख देतात. मला तेवढं पुरतं. एका स्वच्छ तारखेपासून दुसऱ्या स्वच्छ तारखेपर्यंत मी मजेत जगते.

त्या सगळ्या काळात परवीन येत राहिली. तिच्या कामात ते बसत नव्हतं. तिचं काम मला स्कॅनपर्यंत पोचवायचं होतं, ते झालं होतं. ती घोरपडे पेठेतून मांजरीला यायची. कधी तिचे यजमान शकीलभाई तिला सोडायला यायचे. त्यांचं बुकबाइंडिंगचं दुकान आहे, आणि ते आमच्या यजमानांची जुनी पुस्तकं बांधून देता देता त्यांचे मित्र झाले. परवीन मला भात खायला लावायची. तोंडाला चव नसायची, मी चिडायची, ताट ढकलायची. ती म्हणायची, "रागवा, पण दोन घास खाऊन रागवा." मी त्या दोन घासांवर त्या दिवसांतून बाहेर आले, असं मला वाटतं. तिला हे मी तोंडावर सांगितलंय. मनात ठेवून कुणाचे उपकार फिटत नाहीत.

बरं वाटायला लागल्यावर मी एकदा डॉक्टर निकितांना विचारलं, की कॉम्प्युटरला हे कळतं कसं? कुणी शिकवलं त्याला? त्यांनी सांगितलं, जुन्या नोंदींनी. पाहणी सुरू झाल्यापासून ज्या माणसांना हा आजार झाला, त्यांचे आजार कळायच्या आधीच्या वर्षांचे आकडे त्याने वाचले. वजन कसं उतरलं, साखर कधी चढली. त्या वेळी त्या आकड्यांकडे या नजरेने बघणारं कुणी नव्हतं. तो त्यावरून शिकला.

"आणि ती माणसं?" मी विचारलं.

"त्यांच्यातली बहुतेक राहिली नाहीत," त्या म्हणाल्या.

घरी येताना मी रिक्षात हिशोब करत होते. सर्जनचे आभार मानले होते, नर्सना पेढे दिले होते, परवीनच्या हातात तर मी साडीच कोंबली होती. पण ज्या माणसांनी मला वाचवलं, त्यांतल्या एकाचंही नाव मला माहीत नव्हतं. ती कुठल्यातरी हॉलमध्ये, कुठल्यातरी काट्यावर उभी राहिली होती, चहा पिऊन घरी गेली होती, आणि आपण मागे काही ठेवून जातोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला त्या सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं. देवापुढे दिवा लावताना मी रोज म्हणायला लागले, जे कुणी होतात, तुमचे फार उपकार आहेत.

यंदा आषाढीच्या आधी एका सकाळी लग्नाला जायला निघाले आणि ब्लाउज काखेत रुतायला लागला. हूक लागेना. सलोनीच्या लग्नाच्या वेळी टीप मारलेला तोच मोतिया रंगाचा ब्लाउज. मी आरशासमोर उभी राहून हसत सुटले. यजमान घाबरून आत आले. मी म्हणाले, "अहो, घट्ट झालाय." ते पलंगावर बसले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

त्या दिवशी दुसराच ब्लाउज घालून गेले. पण संध्याकाळी परवीनला फोन केला की ये, तुला एक गंमत दाखवायचीय. दुसऱ्या दिवशी ती आली. काट्यावर आधी स्वतः उभी राहिली, मग मी. आकडा ऐकून तिने नुसती मान हलवली आणि म्हणाली, "द्या इकडे तो ब्लाउज. आणि ब्लेड द्या."

"टेलरकडे देते की."

"टेलरच्याच घरची आहे मी. अम्मी लेडीज टेलर होती. घरी मशीन होतं. शाळेतून आले की उसवायचं काम माझं."

ती गॅलरीत उजेडाला बसली. ब्लाउज उलटा करून तिने ती टीप शोधली आणि ब्लेडच्या कोपऱ्याने एकेक टाका तोडत गेली. हात इतका सराईत होता की कापडाला ओरखडासुद्धा उठला नाही. मी समोर बसून बघत होते.

"शेवटच्या वर्षी अम्मी स्वतःच्या कमीजला अशीच टीप मारायची," ती खाली बघूनच म्हणाली. "महिन्यातून एकदा. मशीन चालायचं, मला ऐकू यायचं. सुरुवातीला रमजान होता. आम्ही म्हटलं, रोज्यांनी उतरली असेल. तीपण तेच म्हणायची."

मी खुर्ची तिच्या जवळ ओढली.

"ईद झाली तरी ती टिपा मारतच होती. मग पिवळी पडली, मग कळलं. तीन महिने मिळाले." तिने धागा ओढून काढला. "आमच्या पेठेतही हीच पाहणी चालायची. एक ताई दर साली येऊन अम्मीचं वजन घ्यायची. तिने सगळं बरोबर लिहिलं होतं, काकू. तेव्हा फक्त ते बघणारं काही नव्हतं. अम्मी गेल्यावर त्या ताईनेच मला या कामाला लावलं."

"म्हणजे तिचे आकडे..."

"आहेत की. कॉम्प्युटरमध्ये पहिल्यांदा जे घातले ना, त्यांत अम्मीचेपण आहेत. डॉक्टरांनी मला विचारून घातले."

दोन वर्षं मी रोज ज्यांना हात जोडत होते, त्यांतली एक बाई परवीनची आई होती. आणि तिची मुलगी दोन वर्षं माझ्यासमोर ताट धरून बसली होती. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"नाव काय त्यांचं?" मी विचारलं.

"जिनत."

"मी रोज दिवा लावताना त्या सगळ्यांची आठवण काढते. नाव कुणाचंच माहीत नव्हतं. यंदाच्या चातुर्मासाचा माझा नेम हाच. रोज जिनतबाईंचं नाव घेईन. तुला चालेल ना?"

परवीनने ब्लाउज सुलटा केला, झटकला, उसवलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. तिचेही डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"चालेल की. अम्मीला आवडेल," ती म्हणाली. "पण भात सोडायचा नाही, काकू." आणि तिने ब्लाउज माझ्या हातात दिला. "जा, घालून या."

मी आत जाऊन घालून आले. नीट बसला.